पिठाचं वय

पहाटे ५.३०

धुळ्याच्या देवपूर भागात आमची पिठाची चक्की आहे आणि तिच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. चक्की आठला सुरू होते, पण पिठाची पहिली तपासणी साडेपाचला घरातच होते, भाकरी टाकण्याआधी.

आमच्याकडे पिठाचे दोन डबे आहेत, साठ्याचा आणि रोजचा. साठ्याच्या डब्यात कोरडी वाटी जाते, हात कधीच जात नाही. भाकरी थापताना पुन्हा पीठ लागलं की ओल्या हाताने घ्यायचं ते रोजच्या डब्यातून, आणि तो डबा दोन दिवसांपेक्षा जास्त भरायचा नाही. रिकामा झाला की घासून, पूर्ण कोरडा करूनच पुन्हा भरायचा. ही सासूबाईंची शिस्त. आता तीच मी चक्कीवर येणाऱ्या बायकांना सांगते.

डबा उघडला की पहिला श्वास पिठाचा घ्यायचा. नाकाला वासाची सवय फार लवकर होते, म्हणून चार वेळा हुंगण्यात अर्थ नाही. ताज्या बाजरीच्या पिठाला मातकट-गोडसर वास असतो, दादर ज्वारीच्या पिठाला त्याहून सौम्य, गव्हाच्या पिठाला कोंड्याचा. पीठ उतरायला लागलं की हा वास मावळतो आणि त्याच्या जागी जुनं तळणाचं तेल कढईत आठवडाभर राहिल्यावर येतो तसला खवट वास येतो. कुबट वास आला तर मात्र मामला वेगळा. ती बुरशी, आणि असलं पीठ जिभेवरही ठेवायचं नाही.

वास ठीक असेल तर चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून थांबायचं. ताजं पीठ आधी कोरडं, मग किंचित गोड लागतं. उतरलेल्या पिठाची पहिली चव काहीच सांगत नाही, गिळल्यानंतर घशात मागाहून कडू येतं. घाईत चाखणाऱ्याला हे कळत नाही आणि मग ताटातली भाकरी कडू निघते. तरीही शंका राहिली तर लिंबाएवढं पीठ कढत पाण्यात भिजवून हुंगावं. गरम झालं की लपलेला वास वर येतो.

आजची बाजरी मंगळवारच्या दळणाची. शनिवारी पाचवा दिवस, त्यात श्रावण. घशात काही आलं नाही, पण उद्याची खात्री मी देणार नाही, म्हणून डब्यात होतं तेवढं सगळं आजच्या भाकऱ्यांत संपवलं. सासूबाईंनी चार भाकऱ्या शेजारी पाठवल्या.

सकाळी ७.००

उद्या कानबाई. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई बसते, आणि तिच्या नैवेद्याच्या रोटांचं दळण आधी चक्कीवर येतं. त्यासाठी चक्की धुऊन-पुसून ठेवायची ही आमच्याकडच्या चक्कीवाल्यांची जुनी रीत आहे. देवीच्या निमित्ताने चक्की स्वच्छ होते. मी मात्र वर्षातून एकदा धुऊन समाधान मानत नाही.

धुणं म्हणजे पाणी ओतणं नव्हे. धान्य ओतायची पेटी आणि पत्र्याचे भाग ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवायचे. दगडाला पाणी लावायचं नाही, त्याला कोरडा ब्रश. पीठ जिथून पडतं त्या तोंडाला बांधलेली कापडी नळी सोडून उकळत्या पाण्यात घालायची. वरचा दगड उचलला की त्याच्या कडेने, पत्र्याच्या आतल्या अंगाला, करड्या पिठाचा घट्ट थर दिसतो. हे पीठ कालचं नसतं, त्यात महिन्यापूर्वीचंही असतं. त्यात अळ्या असतात, तांबडे भुंगे असतात, जाळीचे धागे असतात. पिठात किडा आपोआप पडतो असं बऱ्याच लोकांना मनापासून वाटतं. त्यांनी हा थर एकदा बघावा. किडा कुठून तरी येतो, आणि पुष्कळदा तो चक्कीच्या अशा न साफ केलेल्या कोपऱ्यातून अंड्याच्या रूपाने आपल्या डब्यात जातो. म्हणून चक्की निवडताना दळणाचा भाव विचारण्याआधी तिथल्या कापडी नळीकडे बघावं.

सगळं बसवून झालं की मूठ-दोन मूठ गहू दळून ते पीठ फेकायचं. मग चक्की कानबाईला तयार.

८.००

रोटांचे गहू घेऊन पहिल्या आलेल्या आजींनी धान्य निवडून, पुसून आणलं होतं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू, असं हे माप असतं. यंदा पणतू झाला म्हणून एक मूठ वाढली, हे त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना सांगितलं. माझ्या मुलीने गेल्या वर्षी सासूबाईंना विचारलं होतं की माझ्या नावाची मूठ का नाही. सासूबाई दिवसभर काही बोलल्या नाहीत आणि संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या नावाची मूठ टाकली. यंदाही पडली.

रोटांच्या पिठाचा नियम बहुतेक घरांत पक्का असतो. ते मोजून दळायचं, घरातल्यांनीच खायचं, आणि राखी पौर्णिमेच्या आत संपवायचं. शिल्लक ठेवायचं नाही. देवाधर्माचा अर्थ ज्याने त्याने लावावा, पण ज्या बाईने हे पहिल्यांदा ठरवलं तिला श्रावणातल्या पिठाची पुरती ओळख होती असं मी मानते. पावसाळी हवा, डाळी-गुळाचं ओलं पुरण, घरात पाहुणे, सारखा उघडा पडणारा डबा. यात पीठ टिकवायचा प्रयत्नच करायचा नाही, खाऊन मोकळं व्हायचं. मला हे वर्षभरासाठी पटतं. साठवायचं ते धान्य. पीठ आणायचं ते संपवायला.

९.३०

कानबाईची दळणं उरकली की दिवसभराचा क्रम ठरलेला असतो. गहू आधी, मग दादर, मग बाजरी, मग मका, आणि ज्वारी-उडदाचं कळणं सगळ्यात शेवटी. आधीच्या धान्याचं थोडं पीठ दगडांत राहतंच आणि ते पुढच्याच्या डब्यात जातं. बाजरीनंतर गहू दळला तर बाजरीचं तेलकट पीठ गव्हात मिसळतं आणि महिनाभर टिकणारा गहू लवकर खवट होतो. म्हणून डबे रांगेत कसेही असले तरी मी धान्याप्रमाणे उचलते, आणि त्यावरून रोज थोडी बोलाचाली होते.

गहू घेण्याआधी दोन दाणे दाताखाली धरते. कट्ट आवाज होऊन फुटला तर कोरडा. दाबला गेला, चपटा झाला तर परत. श्रावणात परत पाठवावे लागणारे डबे बरेच असतात. चैत्र-वैशाखात भरलेला गहू तेव्हा कडक असतो, पण कोठीचं झाकण सैल राहिलं की हवेतली ओल दाणा खेचून घेतो. साठवणीच्या धान्यात ओलावा शंभराला बाराच्या आसपास किंवा त्याखाली असावा, आणि विकायच्या आट्याला आपल्या अन्न सुरक्षा मानकांनी जास्तीत जास्त १४ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ओला दाणा दळला तर पीठ डब्यात जातानाच या रेषेपाशी पोचलेलं असतं. ऊन नसेल तर गहू चादरीवर पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवायचा, एवढं केलं तरी फरक पडतो.

साडेनवाला कॉलेजात जाणारी एक मुलगी पाच किलो गहू दळून घेऊन गेली. स्टीलचा डबा, घट्ट झाकण. पीठ हाताला चटका बसेल इतकं गरम होतं आणि तिने डबा भरताच झाकण दाबून लावलं. मी तिला थांबवून झाकण काढायला लावलं. पावसाळ्यातली निम्मी पिठं इथेच बिघडतात. दगडांच्या घर्षणाने पीठ तापतं, त्यातून वाफ निघते, झाकण बंद असेल तर ती झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसते आणि पुन्हा पिठावर पडते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वरच्या थरात गुठळ्या होतात, मग त्या गुठळ्यांना करडा-हिरवट रंग चढतो. आणि घरचे चक्कीला बोल लावतात. घरी गेल्यावर पीठ परातीत किंवा धुतलेल्या पांढऱ्या कापडावर पसरायचं, तास-दीड तासाने हात घालून तळाशी ऊब राहिली नाही ना ते बघायचं, आणि मगच डब्यात भरायचं. भरताना दाबून भरावं, वर पोकळ हवा कमी राहील असा डबा घ्यावा. दोन किलो पिठाला दहा किलोचा डबा वापरू नये.

गव्हाचं पीठ असं निगुतीने ठेवलं तर थंडीत महिना-दीड महिना चांगलं राहतं. वैशाखात, पारा ४४-४५ ला जातो तेव्हा, आणि पावसाळ्यात, मी पंधरा-वीस दिवसांच्या वर कुणाला सांगत नाही. कोंड्यासकट दळलेल्या पिठाची ही गोष्ट. मैदा जास्त टिकतो, कारण त्यातून गव्हाचा अंकुर आणि कोंडा काढून टाकलेला असतो आणि गव्हाचं बहुतेक तेल त्या दोहोंतच असतं. टिकणारं पीठ हवं असेल तर धान्यातलं सत्त्व काढून टाकावं लागतं. कमी टिकणारं पीठ चांगलं असतं, असं मी बायकांना सांगते तेव्हा त्यांना आधी आश्चर्य वाटतं.

११.००

दादर. तापी काठच्या काळ्या जमिनीत रब्बीला येणारी ही आमची ज्वारी. भाकरी पांढरीशुभ्र, गोड. तिच्या पिठाची तक्रार वेगळीच असते: "ताई, तुमच्या दळणाची भाकरी फाटते."

दळलं कधी, हा माझा पहिला प्रश्न. उत्तर आलं की नागपंचमीच्या कितीतरी आधी. तर मग पीठ विरी गेलं. ज्वारी-बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा मुळात नसतो. ताज्या पिठात पाणी धरून ठेवायची जी ताकद असते ती दिवसागणिक उतरते, मग गोळा मळताना भुगा होतो, थापताना कडा चिरतात, तव्यावर टाकेपर्यंत भाकरी हातात तुटते. पण विरी जाणं आणि नासणं या दोन गोष्टी आहेत, आणि घरात त्यांची फार गल्लत होते. विरी गेलेलं पीठ म्हातारं झालेलं असतं. वास चांगला, चव चांगली, किडा-जाळी नाही, तर ते खायला काही हरकत नाही. पाणी उकळून त्यात पीठ घालून उकड काढा, भाकरी जमेल. नाहीतर थालीपिठात, धिरड्यात घाला. फेकायचं ते खवट आणि कुबट पीठ. मी उलटंही पाहते: पोळी फाटत नाही म्हणून गव्हाचं खवट पीठ बिनदिक्कत वापरतात, आणि दादरीचं निरोगी पीठ कोंबड्यांना टाकतात.

जात्याच्या काळात हा प्रश्न नव्हता. पहाटे दळायचं, सकाळी भाकरी टाकायची. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचं (१८८०–१९५१) घरोट्याला, म्हणजे जात्याला, उद्देशून गाणं आहे. त्यांच्या पिढीतल्या बाईच्या हाताखालचं पीठ काही तासांचं असायचं. ते कष्ट परत यावेत असं मी कधीही म्हणणार नाही. जात्यावर उभं आयुष्य घालवलेल्या सासूबाईंचे खांदे मी पाहते. चक्कीने ते कष्ट वाचवले. पण त्याबरोबर आठ-दहा किलो एकदम दळून आणायची सवयही लागली, ती मात्र सोडता येण्यासारखी आहे.

१२.३०

बाजरीची वेळ. धुळे तालुक्यातल्या एका खेड्यातून आठवड्याच्या बाजाराला येणाऱ्या आजी दर पंधरवड्याला दळण घेऊन येतात. आज त्यांनी पदराच्या गाठीत जुनं पीठ आणलं होतं, मला दाखवायला. "बाजरीनं पीठ कडू लागस वं माय. बाजरी तं आपली शेतनी शे."

शेतातली असली तरी ती बाजरीच. गव्हात शंभर ग्रॅमला दीड-दोन ग्रॅम तेल असतं, ज्वारीतही जवळपास तेवढंच. बाजरीत पाचच्या आसपास. दाणा अखंड असतो तोवर हे तेल आपल्या जागी सुरक्षित असतं, म्हणून बाजरी कोठीत वर्ष-वर्ष राहते. दाणा फुटला की तेल आणि ते तोडणारं दाण्यातलंच विकर, लायपेज, एकमेकांत मिसळतात. तेलाचे तुकडे होऊन स्निग्धाम्लं सुटी होतात, ती हवेने आणखी बिघडतात, आणि कडू चव, उग्र वास दोन्ही येतात. किडा नको, बुरशी नको, पाण्याचा थेंब नको. पीठ स्वतःच स्वतःला बिघडवतं. म्हणून झाकण कितीही घट्ट लावलं तरी बाजरीचं पीठ साध्या हवेत पाच-सात दिवसांच्या पुढे न्यायचं नाही. विकायच्या गव्हाच्या आट्यातही हाच बिघाड मोजतात. अल्कोहोलमध्ये उतरणारी आम्लता ०.१८ टक्क्यांपेक्षा जास्त निघाली तर तो आटा मानकात बसत नाही. प्रयोगशाळेत हे मोजायला उपकरणं लागतात, आजींना घशात कळलं.

मी आजींना विचारलं, किती दळून नेता. पाच किलो, पंधरा दिवसांचं. घरात माणसं दोन. मी त्यांना आज दोन किलोच दळून दिलं आणि तीन किलो दाणे परत बांधून दिले. पुढच्या आठवड्यात आणा म्हटलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही. दर आठवड्याला ओझं कोण वाहील? त्यांचं म्हणणं खरं आहे. मग दुसरा उपाय सांगितला: बाजरी उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच निथळायची, कडक उन्हात पूर्ण वाळवायची, मग दळायची. उष्णतेने ते विकर निकामी होतं आणि पीठ बरेच दिवस जास्त टिकतं. पण हे वैशाखातलं काम आहे. श्रावणात बाजरी वाळणार नाही आणि एका संकटातून दुसरं उभं राहील. आता तरी दोन किलोच.

आमच्या धुळ्यात कृषी महाविद्यालयात बाजरीवर संशोधन चालतं. लोहाचं प्रमाण वाढवलेली 'धनशक्ती' ही बाजरी २०१२ मध्ये महाराष्ट्रात आली, ती इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कामातून. पोरींना रक्त कमी असतं म्हणून डॉक्टर बाजरी खायला सांगतात, आणि घरातली बाजरी कडू निघाली की त्याच पोरी भाकरी बाजूला सारतात. बाजरी आवडत नाही म्हणणाऱ्या कित्येक मुलांनी ताज्या पिठाची भाकरी खाल्लेलीच नसते. मला याचं खरंच वाईट वाटतं.

दुपारी २.००

चक्की बंद, जेवण, आणि जेवता जेवता दार वाजलं. नवं लग्न झालेलं शेजारचं जोडपं, हातात पिठाचा डबा, त्यात तांबडे किडे फिरताना दिसतायत. पीठ चाळून वापरायचं की टाकायचं?

याला एकच उत्तर नाही, डबा बघून सांगावं लागतं. हा तांबडा पिठातला भुंगा, तीन-चार मिलिमीटर लांबीचा. सोंड्या किडा अखंड दाणा पोखरतो. हा भुंगा पोखरत नाही, त्याला तयार पीठच लागतं. आमच्या हवेत महिनाभरात त्याची एक पिढी पूर्ण होते आणि मादी शेकड्यांनी अंडी घालते, तीही चिकट, पिठाचे कण चिकटलेली, डोळ्यांना न दिसणारी. एक-दोन भुंगे, पीठ ताजं, रंग-वास जसाच्या तसा असेल तर बारीक चाळणीने चाळावं आणि दोन-तीन दिवसांत संपवावं, कारण अंडी चाळणीत अडकतीलच असं नाही. पण हे भुंगे वाढले की अंगातून एक तिखट रसायन सोडतात, क्विनोन जातीचं. पिठाला गुलाबीसर झाक येते, डबा उघडताच डोळ्यांना-नाकाला झोंबेल असा उग्र वास येतो. असलं पीठ चाळून सुधारत नाही, भाजूनही नाही.

त्यांच्या डब्यात मी सुरी घालून वर उचलली. कण धाग्याला लोंबकळत वर आले. म्हणजे जाळी, पतंगाच्या अळीचं काम. तळाशी भुंगे, मध्ये जाळी, वर गुलाबी झाक. टाका म्हटलं. मुलीचा चेहरा उतरला, गहू तिच्या वडिलांनी पाठवला होता. दाणे अजून घरात आहेत का, विचारलं. आहेत, पोतंभर. मग काहीच बिघडलं नाही. डबा गरम पाण्याने घासा, झाकणाच्या कडेची खाच जुन्या टूथब्रशने साफ करा, कडकडीत कोरडा करा. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात जागा असेल तर नवं पीठ पिशवीत बांधून चार दिवस ठेवा. तिथल्या थंडीत अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आधी खोलीच्या हवेला येऊ द्यायची, नाहीतर पिठावर दव धरतं. आणि किडलेलं पीठ घरातल्या कचऱ्याच्या डब्यात ठेवू नका, भुंगे चालत परत येतात.

३.३०

जळगावहून भावजयीचा फोन. तिच्या कोठीतल्या गव्हाला सोंडे लागलेत, कुणीतरी गोळ्या आणून दिल्यात, टाकू का?

मी जेवढी या फोनवर आवाज चढवून बोलले तेवढी वर्षभरात बोलत नाही. अॅल्युमिनिअम फॉस्फाइडच्या त्या गोळ्या हवेतली ओल लागली की फॉस्फिन वायू सोडतात. तो माणसालाही मारतो आणि त्यावर उतारा नाही. गोदामात, बंदिस्त करून, शिकलेल्या माणसांनी वापरायची ती वस्तू आहे. झोपायच्या खोलीत कोठी असलेल्या घरात तिचं काय काम? पाऱ्याच्या टिकड्यांनाही मी नाहीच म्हणते. पुडी धान्यात राहून गेली आणि दाण्यांबरोबर चक्कीत पडली तर ती कुणाच्या भाकरीत जाईल?

तिला सांगितलं, गहू बाहेर काढ, चाळ, पंख्याखाली पसर, ऊन पडेल त्या दिवशी गच्चीवर पत्र्यावर घाल. पत्रा आपल्याकडे उन्हात असा तापतो की सोंडे टिकत नाहीत. कोठी धुऊन वाळव, तळाला आणि मध्ये कडुनिंबाचा सावलीत वाळलेला पाला घाल. हिरवा नको, त्याची ओल लागते. डाळींना आणि थोडक्या गव्हाला एरंडेलाचा हात फिरवला तर किडा दाण्यावर अंडी घालत नाही. ऊन द्यायचं ते दाण्याला. पीठ मात्र उन्हात वाळवत ठेवायचं नाही. उजेडाने आणि तापण्याने पिठातलं तेल लवकर खवट होतं, आणि किडा पळाला तरी पीठ दोन पावलं पुढे म्हातारं होतं.

५.००

उद्या रविवार, म्हणजे ज्यांच्याकडे कानबाई बसत नाही त्यांच्याकडे वरण-बट्टी. बट्टीचं दळण जाडसर, रवाळ, गव्हात थोडा मका घालून. मका बघायला मी डोळ्यांवर चष्मा चढवते. बाकी धान्यात मी एखादा डागी दाणा सोडून देईन, मक्यात नाही. अंकुराच्या टोकाशी हिरवी-पिवळी बुरशी दिसली तर डबा परत, ओळखीचा माणूस असला तरी.

कारण १९७४ साली फार लांब नाही तिथे काय झालं ते आहे. गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा, दोन्ही आदिवासी भाग. अवेळी पावसात भिजलेला मका घरात साठवला, त्यावर बुरशी आली, आणि दुसरं खायला नव्हतं म्हणून लोकांनी तोच खाल्ला. कावीळ, पोटात पाणी. ३९७ माणसं आजारी पडली, त्यातली १०६ गेली. अॅस्परजिलस नावाच्या बुरशीने तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन हे त्याचं कारण निघालं. ते तव्यावर भाजून जात नाही, शिजवून जात नाही. बट्टी निखाऱ्यावर कितीही खरपूस केली तरी ते तिथेच असतं. वरची बुरशी झटकून, धुऊन, पुन्हा वाळवून दळायला आणलेला मका मी हातात घेतला की ओळखते, कारण त्याचा कुबट वास धुतल्याने जात नाही. त्या माणसाला मी नाही म्हणते तेव्हा तो गरिबीतून आलेला असतो हे मला कळतं. आज असा एक जण आला. त्याला आमच्या कोठीतला दोन किलो मका दिला, त्याचा काढून घेतला आणि त्याच्यादेखत नालीत ओतला. ढोरांना घालतो म्हणत होता. ढोरांनाही नाही.

मग कळणं. माझ्या माहेरी, जळगावकडे, भरताबरोबर कळण्याची भाकरी लागतेच. चार वाटे ज्वारी, एक वाटा अख्खे उडीद. काही घरं खडे मीठही त्यातच घालून दळतात. मी मीठ काढून ठेवायला सांगते. मीठ हवेतली ओल ओढतं, पीठ दमट होतं आणि चक्कीच्या लोखंडाला गंज धरतो. मीठ मळताना घालता येतंच. कळण्याचं पीठ आठवड्याचं दळावं.

रात्री ८.००

चक्की बंद केल्यावर झाडणीचं पीठ गोळा करून त्याच दिवशी बाहेर जातं. रात्रभर कोपऱ्यात राहिलं तर सकाळी सातला मला जो थर दिसतो त्याची ती सुरुवात असते.

घरात उद्याची तयारी. रिकामा झालेला बाजरीचा डबा मुलीने घासून पालथा घातला. नव्या दळणाचं पीठ परातीत निवत होतं. सासूबाई म्हणाल्या, साठ्याच्या डब्यात अजून मूठभर जुनं गव्हाचं पीठ आहे, त्यावरच नवं ओत. बाकी सगळ्या बाबतीत त्या माझ्यापेक्षा कडक, पण मूठभर पीठ वाया जाईल म्हटलं की त्यांचा जीव खालीवर होतो. दुष्काळात त्यांनी बाहेरून आलेल्या मिलो ज्वारीची भाकरी खाल्लेली आहे. जुन्यावर नवं ओतलं तर जुन्यातली अंडी आणि जुन्याचा खवटपणा नव्याला लागतो, आणि मग कितीही डबे बदलले तरी जुनं कधी संपतच नाही. हे मी त्यांना समजावत बसले नाही. ती मूठ आधी काढून वाटीत घेतली, चाखली, चांगली होती, आणि रात्रीच्या पोळ्यांना तीच लावली.

मग डबा पुसून, पीठ भरून, झाकणावर खडूने तारीख लिहिली. गव्हाच्या डब्यावर आजची. बाजरीच्या डब्यावर आजची नाही, बुधवारची लिहिली, कारण बाजरीला दळल्याच्या तारखेपेक्षा संपवायची तारीख डोळ्यांसमोर हवी. सोमवारी आठला पहिला डबा त्या पाच किलोवाल्या मुलीच्या आईचा आहे. तिने फोन करून विचारलं की पीठ निवलं का ते कसं बघायचं. तळाशी हात घालून, मी सांगितलं, वरून नाही.